भेस्तानमधली दोन इंग्रजी

चलथाण

चलथाण आलं हे पाटी वाचण्याआधी वासावरून कळतं. जानेवारीत तिथल्या साखर कारखान्याचा हंगाम भरात असतो आणि मळीचा गोडसर, किंचित आंबूस वास डब्यात शिरतो. भुसावळहून येणाऱ्या या गाडीत निम्मा डबा खानदेशचा असतो. नंदुरबारपर्यंत अहिराणी चालते, नवापूरनंतर हिंदी, आणि चलथाणच्या वासाबरोबर तीच माणसं गुजराती बोलू लागतात. समोरच्या बाकावरची बाई अमळनेरपासून आपल्या मुलाला "ऐक, ऐक" म्हणत होती. चलथाणला तिने त्याला "सांभळ" म्हटलं. मुलाने दोन्ही भाषांत ऐकलं नाही.

उधना स्टेशनवर वसुधाताई आली होती. ती माझी मामेबहीण. लग्नानंतर सुरतेत आली, बरीच वर्षं कॉलेजात इंग्रजी शिकवलं आणि मग नोकरी सोडून भेस्तानमध्ये कामगारांचा वर्ग काढला. नातेवाइकांमध्ये या निर्णयाची चर्चा अजून थांबलेली नाही. मी आठवड्याची रजा घेऊन गेलो होतो. पतंगांचे दिवस होते, आणि तिचा वर्ग पाहायचा होता.

चौऱ्याण्णव सालच्या प्लेगनंतरचा हा दुसरा हिवाळा. प्लेगच्या वेळी आमच्या वर्तमानपत्राने सुरतेच्या कचऱ्याबद्दल भरपूर छापलं होतं. आता स्टेशनबाहेरचा रस्ता झाडलेला होता, आणि केळ्याची साल टाकायला जागा शोधत मला बरंच चालावं लागलं. साल हातात घेऊनच रिक्षात बसलो, तेव्हा रिक्षावाला मागे वळून म्हणाला, "खिसामां मूको, साहेब." मी साल खिशात ठेवली.

"हे इथलं पहिलं गुजराती वाक्य," ताई म्हणाली. "कामाचं होतं म्हणून लगेच कळलं की नाही? माझा वर्ग याच तत्त्वावर चालतो."

भेस्तान

भेस्तानच्या ज्या वसाहतीत वर्ग भरतो ती जवळजवळ सगळी जळगाव-धुळ्याकडची. पुरुष लूम्सवर, डाइंग मिलमध्ये, नाहीतर हजिऱ्याच्या रस्त्याला इच्छापोरच्या कारखान्यांत ठेकेदाराकडे. वर्गाची जागा म्हणजे गणेश मंडळाची खोली. एका भिंतीला फळा, दुसरीला ढोल-ताशे, कोपऱ्यात मागच्या वर्षीच्या आराशीतला थर्माकोलचा हिमालय. याच खोलीत ताई दोन वर्ग घेते. दुपारी बायकांचा, संध्याकाळी पुरुषांचा. दोन्हीत इंग्रजीच शिकवतात, पण एका वर्गातलं माणूस दुसऱ्यात बसवलं तर त्याला फारसं काही कळणार नाही.

दुपारच्या वर्गात नाव, गाव, घर, बाजार, आजारपण, हवा. कल्पना नावाची तिशीतली एक बाई उठून उभी राहिली आणि माझ्याकडे बघत म्हणाली, "व्हॉट इज युवर नेम? व्हेअर डू यू लिव्ह? डू यू लाइक सुरत?" मी तिन्ही उत्तरं दिली. "व्हाय आर यू नॉट मॅरीड?" हा चौथा प्रश्न पुस्तकात नव्हता. वर्ग पदर तोंडाला लावून हसला.

"तोही विचारता यायला पाहिजे, भाऊ," कल्पना मराठीत म्हणाली. "पोरीच्या शाळेत, दवाखान्यात, गाडीत शेजारी बसलेल्या बाईला माणूस काय विचारतो? हेच."

संध्याकाळच्या वर्गात कोणी कोणाचं नाव विचारत नाही. छताच्या कडीला दोर अडकवलेला, दोराला बादली, बादलीत पाणी. दोराचं दुसरं टोक हातात घेऊन एकजण बादलीकडे पाठ करून बसतो. तो क्रेन ऑपरेटर. दुसरा समोर उभा राहून इंग्रजीत हुकूम देतो, तो सिग्नलमन. "लोअर. स्लोली." ऑपरेटरने आधी तो हुकूम मोठ्याने परत म्हणायचा, "लोअर, स्लोली," आणि मगच दोर सोडायचा. परत म्हटल्याशिवाय हात हलवायचा नाही. जागा आळीपाळीने बदलायच्या. आणि हुकूम समजला नाही, तर हात उंच, पंजा समोर, आणि दोनच वाक्यं: "स्टॉप. से अगेन."

या वर्गात "येस सर" म्हणायला बंदी आहे. जो म्हणेल त्याने फळा पुसायचा.

"आपल्या माणसांची ही जुनी खोड," ताई म्हणाली. "साहेब काहीही बोलला, कळो न कळो, मान हलवायची. येस सर. एका शेडमध्ये यांच्यातल्याच एकाने असंच येस सर म्हटलं. साहेबाने 'थांब' म्हटलं होतं. त्याला वाटलं, 'सोड'. त्याची बोटं गेली. तो माझ्या दुपारच्या पुस्तकाचे बारा धडे शिकलेला होता, हे विसरू नकोस. माय हाऊस, माय व्हिलेज, सगळं येत होतं त्याला."

त्यानंतर तिने संध्याकाळच्या वर्गातून पुस्तक काढून टाकलं आणि बादली आणली.

मला ऑपरेटरच्या जागी बसवण्यात आलं. ताईने मुद्दाम भरभर काहीतरी सांगितलं. मी सवयीने "येस" म्हणालो आणि दोर सोडला. बादली कलंडून पाणी माझ्या बुटांत गेलं. वर्गाने एका सुरात "फळा!" असं ओरडून स्वागत केलं. मी फळा पुसला. पुढचे दोन दिवस मी ताईच्या यजमानांच्या चपला घालून सुरत पाहिली.

परत म्हणण्याची ही पद्धत मला अनोळखी नव्हती. गावोगावचे बातमीदार फोनवरून बातमी सांगतात तेव्हा डेस्कवरचा माणूस प्रत्येक नाव परत वाचून दाखवतो. पण तिथे हातात कागद असतो; चुकलं तर बोटं जात नाहीत.

सुकदेव

वर्गातला सर्वांत चांगला सिग्नलमन सुकदेव. कल्पनाचा नवरा. मूळ पारोळ्याकडचा, उंच, कमी बोलणारा. इच्छापोरच्या एका कारखान्यात तो ठेकेदाराकडे रिगर होता, म्हणजे वजन उचलण्याआधी त्याला पट्टे आणि साखळ्या बांधणारा. तिथे परदेशातून आलेल्या मोठ्या यंत्रांची जोडणी चालू होती. यंत्रांबरोबर इंजिनीअर आले होते कोरियाचे, सेफ्टी ऑफिसर केरळचा, क्रेन चालवणारे ओरिसाचे. या सर्वांमध्ये सामाईक अशी भाषा म्हणजे मोडकं इंग्रजी. कंपनीला स्वतःचा सिग्नलमन हवा होता. शुक्रवारी त्याची तोंडी परीक्षा होती. लागला तर ठेकेदाराची रोजची हजेरी सुटून सुकदेव कंपनीत कायम होणार होता. नाहीतर जोडणीचं काम संपलं की त्याचंही संपणार. मग पुन्हा लूम, बारा तासांची पाळी, आणि तो आवाज. सुकदेवला एका कानाने आधीच कमी ऐकू येतं. लूमवरच्या वर्षांचं ते देणं आहे.

बुधवारी त्यांच्याकडे जेवण होतं. कळण्याची भाकरी, शेवभाजी, आणि सुरतेची भर म्हणून लोचो. खमणाचं पीठ बसायच्या आत काढलं की लोचो होतो, आणि त्यावर तेल आणि मसाला पडला की तो बिघडला होता हे कुणाच्या लक्षात राहत नाही. कल्पनाने भाकरी आणि लोचो एकाच ताटात वाढलं होतं आणि त्यात तिला काही विशेष वाटत नव्हतं.

"बाई, यांना दोन दिवस माझ्या वर्गात बसवा," ती ताईला म्हणाली. "साहेब आधी काय विचारेल? नाव, गाव, घरी कोण. यांना घरातलं एक वाक्य येत नाही. नुसतं हॉइस्ट आणि लोअर."

"दोन दिवसांत त्याच्या डोक्यात घर घालायला गेले तर क्रेनही जाईल," ताई म्हणाली. "त्याला जे पक्कं आहे ते पक्कं राहू दे."

"काय म्हणतोस, सुकदेव?" मी विचारलं.

"बाई म्हणतात ते बरोबर," सुकदेव म्हणाला. मग जरा थांबून, "सारिकानी मायबी म्हणस ते बरोबर."

सारिका ही त्यांची मुलगी. तिची आई म्हणजे कल्पना. सुकदेव बायकोला याच नावाने हाक मारतो, किंवा "ए" म्हणतो. खानदेशात त्याच्या पिढीचे पुरुष बायकोचं नाव घेत नाहीत. सुरतेत येऊन भाषा बदलल्या, पण ही गोष्ट बदलली नाही. खोलीतल्या सगळ्यांनी त्याच्या उत्तरावर मान हलवली. काहीच ठरलं नाही.

इच्छापोर

शुक्रवारी सकाळी मी सुकदेवबरोबर गेलो. भेस्तानहून शटल रिक्षा, शहर, तापीचा पूल, पुन्हा शटल रिक्षा. पूल ओलांडल्यावर सुकदेव पुटपुटू लागला. पूजेला बसलेला माणूस पुटपुटतो तसं. "होल्ड. लोअर. लेफ्ट. स्लिंग इज नॉट सेफ." शेजारच्या सुरती म्हाताऱ्याने त्याच्याकडे पाहिलं आणि मला विचारलं, "भाईनी तबियत सारी छे ने?" परीक्षा आहे, असं मी सांगितलं. म्हाताऱ्याने पिशवीतून चिक्कीचा तुकडा काढून सुकदेवच्या हातात ठेवला आणि परीक्षा घेणाऱ्याला एक सणसणीत सुरती शिवी दिली. इथे शिवी हा आशीर्वादाचाच प्रकार असतो.

मला गेटच्या आत जाता येत नव्हतं. समोरच्या चहाच्या टपरीवर बसलो. तारेच्या कुंपणापलीकडे उघडं आवार दिसत होतं. उमेदवार एकेक करून बोलावले जात होते. टेबलाशी दोन माणसं: एक सेफ्टी ऑफिसर, एक कोरियन इंजिनीअर. मागे क्रेन उभी होती, तिचं इंजिन बंद होतं.

सुकदेव समोर जाऊन उभा राहिला. ऑफिसर बोलत होता, त्याचे हात भरभर हलत होते. सुकदेवचे ओठ हलले. ऑफिसर पुन्हा बोलला, या वेळी जास्त वेळ. आणि मग सुकदेवचा उजवा हात वर गेला. उंच, पंजा समोर, ऑफिसरच्या चेहऱ्यापासून फार लांब नाही.

क्रेन बंद होती. हलणारं काहीच नव्हतं. हात वरच होता.

रांगेतली माणसं माना उंचावून बघू लागली हे टपरीवरूनही दिसलं. ऑफिसर खुर्चीतून अर्धवट उठला. मग कोरियन काहीतरी बोलला आणि हसला. ऑफिसरही हसला. सुकदेवचा हात खाली आला. लगेच त्याला जायला सांगितलं.

बाहेर आल्यावर त्याने चहा नको म्हटलं.

"काय झालं?"

"क्रेनचं एक अक्षर विचारलं नाही, भाऊ. ते गाव-बिव, घर, आधी कुठं काम केलं, असं काहीतरी एका दमात विचारत होते. पहिलं कळलं ते परत म्हणून दाखवलं. दुसरं कळलंच नाही. हात आपोआप वर गेला." तो पंजाकडे बघत होता. "दोघं हसले."

परतीच्या रिक्षात तो पुटपुटला नाही. चिक्कीचा तुकडा अजून खिशातच होता.

कल्पना दारातच उभी होती. तिने त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि सरळ विचारलं, "काय करी उनात?" सुकदेवने सांगितलं. ती खाली बसली.

"तुम्हीन साहेबले हात दखाडा?"

"वर्गातलंच करं ना मी."

"बादलीले दखाडाना हात साहेबले दखाडा!" ती म्हणाली, आणि मग आत जाऊन त्याच्यासाठी ताट वाढलं. संध्याकाळपर्यंत ही गोष्ट गल्लीभर झाली होती. वर्गातली माणसं येऊन सुकदेवच्या खांद्यावर हात ठेवून जात होती. एकाने दारातूनच हात वर करून "स्टॉप!" म्हटलं. सुकदेव हसला नाही, तेव्हा तो आत येऊन मुकाट्याने बसला.

पोंक

शनिवारी ताईने मला तापीकाठी पोंक खायला नेलं. पोंक म्हणजे आपला हुरडाच, पण आपल्याकडे हुरड्याला शेत लागतं, आगटी लागते, आणि आग्रह करणारा मालक लागतो. इथे तंबूत, वजनावर, लिंबू-मिऱ्याच्या शेवेबरोबर कागदात मिळतो. दाणा मात्र जास्त कोवळा आणि हिरवा. मला तो आवडला, आणि हे आमच्याकडे सांगायचं नाही असं मी ठरवलं. इथे लिहिलंच आहे म्हणा.

ताई खात नव्हती.

"कल्पनाचं बरोबर होतं," ती म्हणाली. "मी कॉलेजात होते तेव्हा सगळ्यांना सगळं शिकवायचे. त्यातलं कुणाच्या काय उपयोगी पडलं, देव जाणे. म्हणून ठरवलं, माणसाला लागतं तेवढंच शिकवायचं, पण पक्कं. आता असं झालं की लागतं किती, हेच मी ठरवलं. त्याला विचारलं नाही."

"हात तर पक्का होता."

"फार पक्का होता, अरे. नको तिथेही वर गेला." तिने पोंकाचा एक घास घेतला. "माझ्या वर्गात मी त्याला क्रेन कधी थांबवायची ते शिकवलं. माणसांशी बोलताना काय करायचं ते नाही शिकवलं. ते दुपारच्या वर्गात आहे."

"मग दुपारचं पुस्तक शिकलेल्या त्या माणसाची बोटं का गेली?"

तिने उरलेली शेव माझ्याकडे सरकवली. पुलावरून पतंगांची खरेदी करून येणारी माणसं फिरक्या काखेत मारून चालली होती.

रविवारी उत्तरायण. मकर संक्रांतीला आपण तिळगूळ देऊन गोड बोलायला सांगतो. सुरती माणूस गच्चीवर चढून शेजाऱ्याचा पतंग कापतो आणि घसा बसेपर्यंत ओरडतो. खाली उंधियूचं पातेलं, वर स्पीकर. भेस्तानच्या गच्चीवर सुकदेवने फिरकी धरली, सारिकाने पतंग उडवला. पोरीने "ढील!" म्हटलं की तो आधी "ढील" म्हणायचा आणि मग दोरा सोडायचा. त्याला ते कळतही नसावं. सारिकाला कळत होतं. ती मैत्रिणीकडे बघून डोळे फिरवायची.

सोमवार

सोमवारी संध्याकाळचा वर्ग भरत आला होता. बादली टांगलेली होती. सुकदेव आला नव्हता. तो येणार नाही असंच सगळ्यांनी धरलं होतं. ताई सुरुवात करणार तोच गल्लीच्या तोंडाशी गलका झाला.

सुकदेव चालत येत होता आणि त्याच्या डोक्यावर हिरवं हेल्मेट होतं. ठेकेदाराच्या माणसांना पिवळं असतं. हिरवं सिग्नलमनचं. इच्छापोरपासून शटल रिक्षात, पुलावरून, शहरातून ते त्याने डोक्यावरून काढलं नव्हतं.

कल्पना घरातून धावत आली, हेल्मेटाकडे पाहून थांबली, आणि पदराने तोंड झाकून तशीच उभी राहिली.

"आज गेटवर बोलावलं," सुकदेव ताईला म्हणाला. "त्या दिवशी हसले ना, बाई, ते मला नव्हते हसले. साहेब फार भरभर बोलले होते. कोरियनलाही कळलं नव्हतं! तो रोज नुसती मान हलवायचा म्हणे. मी हात वर केला तर तो म्हणाला, 'आय ऑल्सो. से अगेन.' म्हणून साहेब हसले. आज मला सांगितलं, वीस माणसं आली, सगळ्यांनी येस सर म्हटलं. न कळता हो म्हणणारा माणूस क्रेनखाली नको."

वर्गाने ढोल ओढला. थोडा वेळ कोणाचंच इंग्रजी ऐकू आलं नाही.

ढोल थांबल्यावर सुकदेव फळ्याजवळ गेला. "पण बाई, एक अडचण आहे. दुपारी तो कोरियन माझ्याशेजारी डबा घेऊन बसला. त्याने खिशातून फोटो काढला. 'वाइफ,' म्हणाला. तिचं नाव सांगितलं. मग मला विचारलं, 'युवर वाइफ? नेम?'"

"मग?"

"काय सांगणार? मी म्हटलं, 'वाइफ, भेस्तान.'"

हशा पिकला. ताई हसली नाही. तिने दोर हातात घेतला, बादली खाली घेतली, पाणी बाहेर ओतलं आणि बादली कोपऱ्यात ठेवली. मग दाराकडे वळली. "कल्पना, आत ये. अर्धा तास तू शिकव."

दुपारच्या वर्गातली बाई संध्याकाळच्या वर्गासमोर उभी राहण्याची ही पहिलीच वेळ. कल्पनाने पदर सारखा केला. समोर पुरुषांच्या रांगा, दारात जमलेली गल्ली, पुढच्या बाकावर हिरवं हेल्मेट.

"रिपीट," ती म्हणाली. "माय नेम इज सुकदेव."

"माय नेम इज सुकदेव," सुकदेव म्हणाला.

"आय लिव्ह इन भेस्तान."

"आय लिव्ह इन भेस्तान."

"माय वाइफ्स नेम इज कल्पना."

सुकदेवने तोंड उघडलं. वर्ग वाट पाहत होता. त्याचे कान लाल झाले. आणि मग त्याचा हात वर गेला, उंच, पंजा समोर.

"स्टॉप," तो म्हणाला. "से अगेन."

खोली हसून कोसळायची बाकी होती. कल्पना हसली नाही.

"हाई साहेबपुढे चालस," ती म्हणाली. "मन्हापुढे नही."

हात खाली आला. सुकदेवने हेल्मेट काढून मांडीवर ठेवलं, आणि सगळ्या गल्लीदेखत, हळू पण स्पष्ट, ते वाक्य शेवटच्या शब्दापर्यंत परत म्हणून दाखवलं.